क्वार्टर नंबर सत्तावीस

"ढमाळ बाबू, बायको निघाली."

टाईपरायटरवरून मान वर न करता मी विचारलं, "कुणाची? आणि कुठं?"

"माझी. हिकडं. परवा सकाळी गाडीतनं उतरंल."

नाईक रंगराव पिसाळनं हातातली तार माझ्या टेबलावर ठेवली. तारेत दोनच शब्द होते. 'निघाले. अनुसया.' मी तार उलटसुलट करून पाहिली. सवयच तशी. फौजेत वीस वर्षं कारकुनी केलेला माणूस देवाचा प्रसाद हातात आला तरी मागच्या बाजूला शिक्का शोधतो.

"तुला न विचारता निघाली?"

"इचारलं असतं तर मी नगं म्हनलो असतो. तिला म्हाईत हाय ते."

ही गोष्ट एकोणनव्वद सालच्या जानेवारीतली. आमची पलटण उत्तरेकडच्या एका छावणीत होती आणि मी पलटणीच्या कचेरीत हवालदार क्लार्क होतो. बंदूक माझ्या हातात वर्षातून एकदा येई आणि तेव्हाही शेजारचे लोक चार पावलं लांब सरकत. पण कागदावर माझं राज्य होतं. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, घरात कुणी गेलं, की त्याची नोंद 'पार्ट टू ऑर्डर' नावाच्या कागदावर चढते. तो कागद मी टाईप करायचो. तो निघाला नाही तोवर सरकारच्या लेखी कुणी जन्मत नाही आणि कुणी मरतही नाही. जवानांची पोरं आधी माझ्या टाईपरायटरवर जन्माला येतात, असं मी गमतीनं म्हणायचो.

दुसरं माझ्याकडं होतं ते फॅमिली क्वार्टरचं रोस्टर, म्हणजे रांग. पलटणीत आठशे जवान, निम्म्याहून जास्त लग्न झालेले, आणि क्वार्टर चौसष्ट. आणखी एक रांग होती, ती छत खचलं म्हणून बंद. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण जवान मलाच विचारत, "बाबू, माझा नंबर कितवा?" जणू क्वार्टर मी खिशात घालून फिरत होतो.

रंगरावचा नंबर होता पहिला. पाच महिन्यांपासून पहिलाच होता.

"बस," मी म्हणालो. "गेस्ट रूम दहा दिवस मिळेल. बावीस तारखेपासून एकतीस. त्यापुढं एक दिवस नाही, नियम आहे."

"एकतीसच बास झाली," तो म्हणाला. "त्या दिवशी माजी सही हाय."

ती सही मला माहीत होती. पंधरा वर्षं भरत आली की जवानाकडून लिहून घेतात, पुढची दोन वर्षं नोकरीला राजी की नाराज. आमच्या बोलीत विलिंग आणि अनविलिंग. एकदा अनविलिंगवर सही झाली की ब्रह्मदेव आला तरी ती फिरत नाही. रंगरावची मुदत एकतीस जानेवारी. आणि रंगराव हा आमच्या पलटणीतला एकुलता एक वायरलेस मेकॅनिक होता. सेट बंद पडला की तो नुसता कान लावून बसायचा आणि कुठली तार रुसली आहे ते सांगायचा. तसा माणूस तयार व्हायला सहा-सात वर्षं जातात. नवीन भरती झालेले दोघे त्याच्या हाताखाली दिले होते, ते अजून सेट पुसण्यापर्यंतच आले होते.

"काय करणार आहेस सही?"

"क्वार्टर मिळालं तर विलिंग. न्हाई मिळालं तर न्हाई." तो खाली बघत बोलत होता. "कराडला मेव्हणा टीव्हीचं दुकान टाकतोय. मला भागीत घेतो म्हनलाय. घरोघरी टीव्ही आलाय आता."

"अरे, दोन वर्षांत हवालदार होशील. टीव्ही कसले दुरुस्त करतोस?"

"बाबू, माजी रजा तुमच्याकडंच लिवल्याली असती. लग्नाला आठ वर्षं झाली. किती दिवस घरी ऱ्हायलो, तुमीच बगा."

बघायची गरज नव्हती, तरी मी फाईल काढली. मधली दोन वर्षं तो डोंगरात होता, रजा कापल्या गेल्या होत्या. आठ वर्षांची बेरीज अकरा महिने आली.

"आईनं दुसरी पोरगी बगायला काढलीया," रंगराव म्हणाला. "अनूला मूल न्हाई म्हनून. मिरजेची डाक्टरीणबाई म्हनली, दोगांत बी दोष न्हाई, आवशदाची गरज न्हाई, वरीसभर एका छपराखाली ऱ्हावा. आता ते छप्पर आनू कुठनं? एक तर मी घरी जायचं, न्हाईतर तिनं हितं यायचं. तिसरं काय हाय?"

तिसरं काही नव्हतं. मी गेस्ट रूमचा कागद टाईप करून दिला. तो सलाम ठोकून गेला आणि मी समोरच्या भिंतीवरच्या रोस्टरकडं पाहत बसलो. चौसष्ट चौकोन, चौसष्ट नावं. सत्ताविसाव्या चौकोनात माझं नाव होतं.

*

अनुसया आली ती दोन पिशव्या आणि एक वळकटी घेऊन. गेस्ट रूमच्या वहीत सही करायला रंगराव तिला कचेरीत घेऊन आला. अंगानं किरकोळ, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, डोक्यावरचा पदर घट्ट धरलेला. तीन दिवसांच्या प्रवासानं डोळे तांबारले होते, पण नजर खाली नव्हती. तिनं पिशवीतून एक स्टीलचा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला.

"शेंगदान्याची चटनी हाय, बाबूसाहेब. आनि कडक भाकऱ्या."

"अहो, ही लाच झाली," मी म्हणालो.

"चटनीची कुठं लाच असती व्हय? लाच द्यायची असती तर कोंबडा आनला असता."

मी हसलो. रंगरावही हसला. कितीतरी महिन्यांत त्याला हसताना पाहिलं नव्हतं. वहीत तिनं आपलं नाव हळूहळू, एकेक अक्षर दाबून लिहिलं.

"गाव कुठलं म्हनायचं तुमचं?" तिनं विचारलं.

"पळसगाव. खटाव तालुका."

तिचा हात वहीवरच थांबला. तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, मग माझ्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडं पाहिलं.

"ढमाळ," ती म्हणाली.

"होय."

"आनि वहिनी?"

"गावी आहे," मी सवयीनं म्हणालो. "गुडघे दुखतात तिचे. थंडी सोसत नाही इकडची."

पदर पुढं ओढला, वही मिटून माझ्याकडं सरकवली. "बरं," एवढंच म्हणाली आणि रंगरावच्या मागोमाग निघाली. दारात गेल्यावर एकदा वळून पाहिलं. मला वाटलं, डबा विसरला म्हणून पाहते.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते मला चांगलं आठवतं, कारण पलटणीतल्या बायका रोज त्याची बातमी आणत. अनुसयेनं गेस्ट रूमच्या त्या दहा फुटांत संसार मांडला होता. विटांची चूल बाहेर केली. रंगराव दुपारी जेवायला यायचा तर सगळी रांग खिडकीतून बघायची. तो तिच्यासाठी पाणी भरायचा, ती त्याचे बूट पुसायची. सुभेदार मेजरसाहेबांच्या घरून म्हणे निरोप आला, नवऱ्यानं पाणी भरायचं असेल तर निदान वर्दी काढून भरावं.

हे सगळं ऐकून मी हसायचो. आणि रोस्टर काढून बघायचो.

*

सव्वीस जानेवारीची परेड झाली आणि सत्तावीसला सुभेदार मेजर इंगवले साहेबांनी बोलावलं. साहेब उंच, आवाज असा की हळू बोलले तरी गार्डरूमपर्यंत जाई.

"पिसाळचा कागद आला का?"

"नाही साहेब. एकतीसला."

"तो अनविलिंग देणार, हे अख्ख्या पलटणीला माहीत आहे. सेट कोण दुरुस्त करणार? तू?"

"साहेब, क्वार्टर मिळालं तर तो राहतो."

"मग काढ क्वार्टर."

"कुठून काढू साहेब? मार्चपर्यंत कुणी हलत नाही."

साहेबांनी टेबलावर बोट आपटलं. "साठ दिवसांवर फॅमिली गावी गेली की क्वार्टर खाली करायचं, हा नियम आहे की नाही? बरेच जण कुलूप लावून बसलेत. मला यादी दे. उद्या."

मी यादी केली. चौसष्ट क्वार्टर एकेक करून तपासले. दोघांच्या फॅमिली गावी होत्या. एकीचे चाळीस दिवस झाले होते, दुसरीचे बावन्न. नियमात दोघीही बसत नव्हत्या. सत्तावीस नंबरपुढं माझ्याच अक्षरात नोंद होती: 'फॅमिली गावी, परत आली.' पुन्हा 'गावी.' पुन्हा 'परत आली.' दर पन्नास-पंचावन्न दिवसांनी मी ती करत आलो होतो. यादी टाईप करताना मी माझ्या नावाशी क्षणभर थांबलो आणि पुढच्या क्वार्टरकडं गेलो.

साहेबांनी यादी वाचली. "दोनच? आणि तुझी बायको रे? बऱ्याच दिवसांत दिसली नाही."

"डिसेंबरात आली होती साहेब. गेली परत. गुडघे."

"आमच्या घरच्यांना कशी दिसली नाही?"

"आठच दिवस होती."

साहेबांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. मार्चमध्ये नायब सुभेदार व्हायच्या यादीत माझं नाव त्यांनीच घातलं होतं. मी बाहेर आलो आणि यादीची कार्बन कॉपी फाईलला लावली.

*

तीस तारखेला दुपारी मी जेवायला क्वार्टरवर गेलो. दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, पुढं हातभर व्हरांडा. व्हरांड्यात डालड्याच्या डब्यात तुळस. मी रोज तिला पाणी घालत होतो. दोरीवर हौसाचं हिरवं पातळ वाळत होतं. हौसा म्हणजे माझी बायको. आठवड्यातून एकदा मी तिचं एखादं पातळ धुवून वाळत टाकायचो, म्हणजे शेजारपाजारच्यांना घर रिकामं वाटू नये.

कुलूप काढतो तोच मागून आवाज आला.

"दाजी."

मला त्या नावानं हाक मारणारी माणसं फक्त एका गावात होती. हौसाच्या माहेरी, कुरोलीत. आणि त्या गावाकडं मी सात महिन्यांत एक कार्डही टाकलं नव्हतं.

अनुसया व्हरांड्याच्या पायरीशी उभी होती.

"माजं म्हायेर कुरोली," ती म्हणाली. "हौसाक्का आनि माजी चुलती मैतरनी. बाराव्याच्या पंक्तीला मी वाडाया होते, दाजी. तुमच्या पानात भात मीच घातला. तुमी जेवला न्हाईसा."

मी पायरीवर बसलो. आत जाऊन दार लावावंसं वाटलं, पण ती दारातच होती.

जूनमध्ये आम्ही दोघं दोन महिन्यांच्या रजेवर गावी गेलो होतो. नवव्या दिवशी हौसाला ताप भरला. साताऱ्याला नेईपर्यंत कावीळ डोक्यात गेली होती. अठरा जूनला ती गेली. मी सगळे विधी केले, रजा संपवली आणि परत आलो. भादरलेल्या डोक्यावर केस नुकते वाढत होते, पण फौजेत आखूड केस कुणाच्या डोळ्यात भरत नाहीत. साहेबांनी विचारलं, "बायको?" मी म्हणालो, "राहिली गावी." तो शब्द तोंडातून गेला आणि मग मागं घेता आला नाही. हे सगळं मी तुम्हाला आत्तापर्यंत सांगितलं नाही. तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं.

"पैल्या दिवशीच वळाकलं मी," अनुसया म्हणाली. "तुमी म्हनलासा, वहिनी गावी हाय, गुडघं दुखत्यात. मला वाटलं, मानूस भरमिष्ट झाला. मग इथल्या बायकांकडनं समजलं, बायकू न्हाई त्याला क्वार्टर न्हाई."

"रंगरावला सांगितलंस?"

"न्हाई."

"का नाही सांगितलंस?" माझा आवाज चढला. मला तिचाच राग आला होता. "एक शब्द बोलली असतीस तर आठ दिवसांपूर्वी हे क्वार्टर तुला मिळालं असतं. नंबर पहिला आहे तुमचा. तुझा संसार उठायला निघालाय, बाई!"

"तुमचा उठवून माजा मांडू व्हय?" ती म्हणाली. "माझ्या हातनं न्हाई हुयाचं ते. उद्या ते सही करत्याल, रातच्या गाडीनं मी जाईन, नोकरी भरली की ते बी येत्याल. टीव्ही दुरुस्त करत्याल. फौजेबिगार करमंल का न्हाई त्यांना, कुणास ठावं. पन मानूस सवय करतं."

"मग आलीस कशाला?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आठ वर्सं नुसतं ऐकतीया क्वार्टर, क्वार्टर. जायच्या आदी एकदा आतनं बगावं म्हनलं. बगू का?"

मी बाजूला झालो.

ती चप्पल काढून आत गेली. पहिल्या खोलीत लोखंडी पलंग, दुसऱ्या खोलीत हौसाची ट्रंक. ती काही हात लावत नव्हती, नुसती बघत होती. स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीपाशी थांबली.

त्या भिंतीवर गेरूनं काढलेली वेल होती. मोरीपासून निघून ओट्याच्या वरून खिडकीकडं गेलेली. क्वार्टर मिळालं त्या महिन्यात हौसानं पहिलं पान काढलं. मी ओरडलो होतो, "सरकारी भिंत आहे, खाली करताना चुना मारून द्यावा लागेल!" ती म्हणाली होती, "मारा की. आत्ता कुठं चाललोय?" मग दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती एक पान काढायची. एकेक महिना एकत्र राहिल्याचं एकेक पान. सत्तावीस पानं लाल रंगानं भरलेली होती. अठ्ठाविसाव्याची नुसती रेघ होती. गेरू संपला होता, गावाहून आणते म्हणाली होती.

अनुसयेनं बोटानं न शिवता पानं मोजली. मोजताना तिचे ओठ हलत होते. शेवटच्या पानाशी ती थांबली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "हितं ऱ्हायलीया जनू हौसाक्का."

"होय," मी म्हणालो, आणि मग मला थांबता येईना. "गावाकडच्या घरात ती माझ्या आईची सून होती, अनुसया. पहाटे उठायची, रात्री निजायची, मधे मला दिसायचीसुद्धा नाही. पंधरा वर्षं तशी गेली. मूलबाळ नाही, तिथं तिचं असं काही उरलंच नाही. बायको ती फक्त इथं होती. सव्वादोन वर्षं. इथं ती मोठ्यानं हसायची. सायकल शिकायला निघाली होती. हे क्वार्टर सोडलं की ती गेली. मग मी कशाला सोडू?"

ती वेलीकडंच बघत होती. मग म्हणाली, "खरं हाय. मी बी सोडलं नसतं."

तिनं चप्पल घातली आणि गेली. मला शाप दिला असता, चार शब्द सुनावले असते, तर मी दार लावून झोपलो असतो. पण तिनं मला खरा ठरवलं आणि माझी सगळी तटबंदी कोसळली. मी ओट्याला धरून रडलो. सात महिन्यांत पहिल्यांदा.

*

तासाभरानं मी कचेरीत गेलो, दार लोटून घेतलं आणि टाईपरायटरवर कागद चढवला. वीस वर्षांत मी शेकडो मरणं टाईप केली होती. नाव, नातं, तारीख. तीन ओळींचं काम. त्या दिवशी पहिला कागद खराब झाला, दुसरा झाला, तिसऱ्यावर मी तारीखच चुकवली. पाचव्या कागदावर हौसाबाई वसंत ढमाळ, पत्नी, अठरा जून एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी रोजी मरण पावली.

कागद घेऊन मी सुभेदार मेजरसाहेबांसमोर उभा राहिलो. त्यांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"जून?"

"होय साहेब."

"आणि मी रोज विचारायचो, गुडघे कसे आहेत."

"होय साहेब."

"ज्याच्या भरवशावर रोस्टर सोडलं, तोच! कुंपणानंच शेत खाल्लं, ढमाळ!" साहेब ओरडले. ते उठून खिडकीपाशी गेले. तिथूनच म्हणाले, "मार्चच्या यादीतून तुझं नाव जाईल. मी काही करू शकणार नाही."

"माहीत आहे साहेब. पण त्याआधी एक सही हवी. सत्तावीस नंबरचं अलॉटमेंट. आजच्या तारखेत."

त्यांनी सही केली. कागद देताना म्हणाले, "सांगायचंस रे. एकदा तरी सांगायचंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रंगराव आला. इस्त्रीची वर्दी, दाढी गुळगुळीत, जणू लग्नाला निघालेला. विलिंग आणि अनविलिंग, दोन्ही कागद टेबलावर होते. त्यानं अनविलिंगचा पुढं ओढला आणि खिशातलं पेन काढलं.

"आधी हा वाच," मी म्हणालो आणि अलॉटमेंट त्याच्या हाताखाली सरकवलं.

त्यानं वाचलं. "सत्तावीस? हे तर तुमचं हाय."

"होतं."

"आनि वहिनी?"

ते मला अजून कुणासमोर मोठ्यानं म्हणावं लागलं नव्हतं. काल कागदानं सांगितलं होतं. "वहिनी गेली, रंगराव. जूनमध्ये."

त्यानं पेन खाली ठेवलं. मग त्यानं अलॉटमेंट उचलून माझ्याकडं परत सरकवलं. "मला नगं. असलं क्वार्टर मला नगं, बाबू."

"गाढवा, मी दान करत नाही!" मी ओरडलो. बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला. "रांगेतल्या माणसाचं क्वार्टर मी सात महिने दाबून बसलो होतो. ते परत करतोय. आणि तुझी बायको हे पहिल्या दिवसापासून जाणून होती. ती नाही बोलली. तिच्या तोंडाकडं बघ आणि कर कुठली करायची ती सही."

रंगरावनं अनविलिंगचा कागद बाजूला सारला. मग त्यानं विलिंगवर सही केली. सही वाकडी आली. ती अजून कुठल्यातरी फाईलमध्ये तशीच वाकडी असेल.

*

क्वार्टर देता-घेताना इमारत खात्याचा ओव्हरसियर येतो. जाणारा आणि येणारा, दोघांना उभं करून एकेक वस्तू मोजतो. काचा, नळ, कड्या, बल्ब. काही बिघडलं असेल तर जाणाऱ्यानं नीट करून द्यायचं. एक फेब्रुवारीला सकाळी मी माझी ट्रंक आणि हौसाची ट्रंक बाहेर व्हरांड्यात ठेवली होती. आम्ही चौघं खोल्याखोल्यांतून फिरत होतो. काचा अकरा, बरोबर. नळ दोन, बरोबर.

स्वयंपाकघरात ओव्हरसियर थबकला. "ये दीवार पे क्या बना रखा है? इसपे चूना लगवाइए पहले, तब क्लिअरन्स दूँगा."

चुन्याची बादली आणि कुंचा मी कालच आणून मोरीत ठेवला होता. मला नियम पाठ होता. मी बाही वर केली.

"थांबा, दाजी," अनुसया म्हणाली. मग रंगरावला विचारलं, "येनाऱ्यानं हाय तसं घेतलं तर?"

रंगरावनं ओव्हरसियरला विचारलं. तो वैतागून म्हणाला, येणाऱ्याला चालत असेल तर फॉर्मवर तसं लिहून द्यावं, पुढं जाताना तो जाणे.

"मग लिवा," ती म्हणाली. रंगरावनं फॉर्म गुडघ्यावर धरला. ती सांगत गेली आणि त्यानं लिहिलं: 'स्वयंपाकघराची भिंत. आहे तशी कबूल.' खाली त्यानं सही केली. तिनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि त्या सहीखाली आपलंही नाव लिहिलं, एकेक अक्षर दाबून. फॉर्मवर बायकोच्या सहीला जागा नसते. ओव्हरसियरनं तो तसाच घडी करून खिशात घातला.

बादली मी तशीच उचलून परत नेली.

चौकशी झाली, मला सक्त ताकीद मिळाली, आणि हवालदार म्हणूनच मी पेन्शनीत निघालो. त्याचं मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण त्याच्या आधी, म्हणजे पलटण तिथून हलली तेव्हा, रंगरावचं क्वार्टर खाली करून घ्यायला कचेरीतर्फे मीच गेलो होतो. दोन वर्षं झाली होती. पुढच्या खोलीत अनुसया सामान बांधत होती आणि तिची मुलगी त्या सामानातून एकेक वस्तू बाहेर काढत होती. तिचा जन्मही मीच टाईप केला होता.

मी स्वयंपाकघरात गेलो. वेल खिडकी ओलांडून दारापर्यंत गेली होती. मी मोजली. नवी चोवीस पानं, सगळी लाल रंगानं भरलेली. जुन्या आणि नव्या पानांच्या मधलं एक, हौसाचं अठ्ठाविसावं, मात्र नुसत्या रेघेचंच होतं. दोन वर्षं तिच्या हातात गेरू होता, तरी ते तिनं भरलं नव्हतं. आहे तसं कबूल केलं होतं ना तिनं.